सातव्या पायरीवरचे ऊन

३० सप्टेंबर १९९३, पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटे. माझ्या सादरीकरणाच्या पहिल्या पडद्यावर एवढेच असायचे. काळ्यावर पांढरी अक्षरे, बाकी काही नाही. सभागृहातले दिवे मंद होत आणि ज्यांना ती वेळ ठाऊक आहे ते – म्हणजे आमच्या लातूर-नांदेडकडचे सगळेच – खुर्चीत जरा सावरून बसत. हा परिणाम मी मोजूनमापून साधलेला होता. त्या आकड्याबद्दल मला काही म्हणायचे नाही. तो खरा आहे. मला सांगायचे आहे ते त्यानंतरच्या आकड्याबद्दल. ते मी आजवर कुणालाही सांगितलेले नाही. आईला नाही, नवऱ्याला नाही – आणि ज्या एका माणसाला सांगायला हवे होते, त्याला तर नाहीच.

तुम्हाला का सांगते आहे? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. किंवा आता सांगून काहीच बदलणार नाही, म्हणूनही असेल – हे दुसरे कारण जास्त खरे वाटते, आणि ते मला शोभणारे नाही.

भूकंप झाला तेव्हा मी तीन वर्षांची होते, अहमदपूरला. आमच्या घरातला एक रांजण फुटला, एवढेच आमचे नुकसान. तेव्हा ते दुःख माझे नाही, हे आधीच स्पष्ट करते. माझे दुःख वेगळे होते आणि त्या मानाने फार लहान – मी डॉक्टर झाले नाही. दहावीनंतर मला लातूरला ठेवले. चौघींत एक खोली, सकाळपासून संध्याकाळपर्यंत क्लास, दर रविवारी चाचणी, सोमवारी भिंतीवर यादी. आमच्या वेळच्या प्रवेश परीक्षेत चुकलेल्या उत्तराचे गुण कापत नसत. म्हणून आमच्या सरांचा पहिला नियम होता – उत्तरपत्रिकेतला एकही गोळा रिकामा सोडायचा नाही. दुसरा नियम – आधी पर्याय बघायचे, मग प्रश्न वाचायचा. कुठे पोहोचायचे ते कळले की गणित आपोआप तिकडे वळते. हे दोन्ही नियम माझ्या हाडीमांसी खिळले. तरी थोड्या गुणांनी जागा हुकली. माझ्या शेजारच्या कॉटवर झोपणाऱ्या वैशालीला ती मिळाली. मी शरीरक्रियाशास्त्रात एम.एस्सी. केले आणि नांदेडच्या एका छोट्या कंपनीत लागले.

आमचे काम असे होते. डॉक्टरांच्या परिषदांत तेच ते भाषण आणि त्याच त्या स्लाइड्स, आणि समोर डुलक्या. त्याऐवजी आम्ही भिंतीएवढा स्पर्शपडदा उभा करायचो आणि प्रत्येक खुर्चीवर चार बटणांचे एक छोटे रिमोट ठेवायचो. पडद्यावर एक रुग्ण. त्याचा रक्तदाब, त्याच्या हृदयाची धावती रेष. तज्ज्ञांनी बटण दाबून निर्णय द्यायचा, आणि त्या निर्णयाप्रमाणे रुग्ण डोळ्यांदेखत सुधारायचा किंवा बिघडायचा. शरीराची गणिते मी बसवायचे. ते काम मला चांगले येत होते. फक्त एक गोष्ट मी तेव्हा स्वतःशीही बोलले नव्हते – ज्या लोकांत मला बसता आले नाही, ते दोनशे लोक माझ्या खुणेची वाट बघत बसलेले पाहून मला जे वाटायचे, त्याला कामाचा आनंद म्हणत नाहीत.

भूकंपाला पंचवीस वर्षे होत आली होती. मूत्रपिंडविकार आणि अतिदक्षता विभागांतल्या तज्ज्ञांची परिषद नांदेडला भरणार होती, आणि विषय होता ढिगाऱ्याखाली दबलेल्या माणसाचे शरीर. हे शास्त्र थोडे सांगावे लागेल, नाहीतर माझा गुन्हा तुम्हाला दिसणार नाही. मांडीवर मोठे ओझे बराच वेळ राहिले की तिथले स्नायू मरू लागतात आणि त्यांच्यातले पोटॅशियम तिथेच साचते. ओझे आहे तोवर माणूस बोलतो, ओळखतो, पाणी मागतो. ते एकदम उचलले की साचलेले सगळे रक्तातून हृदयाकडे धावते, आणि हृदय थांबू शकते. म्हणून ओझे काढण्याआधी सलाइन लावायचे असते. पण हे सगळे एका गोष्टीवर अवलंबून – किती वेळ. तीनेक तासांत धोका कमी. पुढे तो वाढत जातो.

मला खरा रुग्ण हवा होता. वैशाली तेव्हा लातूरला एका दवाखान्यात होती. ती म्हणाली, ‘‘आमचे वॉर्डबॉय किसनमामा बघ. आत्ताच रिटायर झालेत. बायको गेली त्यांची भूकंपात. बोलतात का ते मात्र मला माहीत नाही, चोवीस तास गप्प माणूस.’’

ते बोलले. तेच तर – ते माझ्याशी बोलले.

नव्या वसवलेल्या गावात, क्रमांक घातलेल्या एकसारख्या घरांच्या ओळीत, बुद्धाच्या तसबिरीखालच्या खाटेवर बसून त्यांनी दीड तास सांगितले. सुनेने दोनदा चहा केला. मी वहीत लिहून घेत होते.

‘‘पोरगं काढलं, म्हातारी काढली, आन् मंग ती. मांड्यावर माळवदाची तुळई व्हती तिच्या. पर बोलत व्हती की! मलाच म्हनली, आधी शेळी सुटली का बघा. आमी चौघांनी तुळई उचलली, मी बगलंत हात घालून वढली. पानी पेली. पदर नीट केला. आन् घडीभरानं मान टाकली.’’

मी विचारले, ‘‘किती वेळ अडकल्या होत्या, मामा?’’

‘‘बारवाच्या सातव्या पायरीला ऊन आलं व्हतं.’’

‘‘घड्याळात किती वाजले असतील?’’

‘‘घड्याळबी त्या माळवदाखालीच की, ताई,’’ ते म्हणाले आणि हसले. मीही हसले. आणि वहीत लिहिले – ‘सकाळ’.

हा शब्द मी नंतर अनेकदा उघडून पाहिला आहे. माणूस मला मोजमाप देत होता. ज्या गावात घरोघरी घड्याळ नव्हते तिथे कामाला जायची वेळ, दूध घालायची वेळ गावविहिरीच्या, बारवेच्या, पायऱ्यांवर उतरणाऱ्या उन्हाने ठरायची. पहिली नाही, पाचवी नाही, सातवी – इतक्या नेमकेपणाने तो सांगत होता. आणि विज्ञान शिकलेल्या मी त्याची नोंद केली ‘सकाळ’.

निघताना ते मला दाराशी सोडायला आले, तेव्हा त्यांनी आवाज खाली घेतला. सून आत भांडी घासत होती.

‘‘दवाखान्यात लागलो न् डॉक्टर लोकायचं बोलनं कानावर येऊ लागलं. दबलेला मानूस एकदम वढायचा नस्तो म्हनं. तवापासून... मी कुनाला इचारलं न्हाई. कुनी मला सांगितलं न्हाई. तुमी शिकल्या-सवरलेल्या. तुमच्या त्या मशीनवर बघून सांगा एकडाव – माझ्या वढन्यानं गेली का ती?’’

‘‘बघून सांगते, मामा,’’ मी म्हणाले. हे माझे वचन. ते काही फार मोठे नव्हते, नाही का? एक माणूस पंचवीस वर्षे एकच प्रश्न घेऊन वॉर्डात चादरी बदलत होता आणि त्याने तो आयुष्यात एकदाच, मला विचारला होता.

आता त्या दुपारकडे येते. कार्यालयात मी एकटीच बसून तो रुग्ण पडद्यावर बांधत होते. स्त्री, वय बत्तीस, दोन्ही मांड्यांवर लाकडी तुळई, सलाइन नाही. राहिला वेळेचा रकाना. पडद्यावर वेळेची एक सरकपट्टी होती. बोटाने पुढे ढकलायची. मी तीन तासांवर ठेवली – हृदयाची रेष जरा अडखळली आणि चालत राहिली. चार – चालत राहिली. पाच – मधेच वेडीवाकडी झाली, पण संपली नाही. सहावर ती थांबली. सरळ, स्वच्छ रेष. दोनशे माणसांच्या सभागृहात शेवटच्या रांगेतूनही दिसेल अशी.

मी बोट उचलले आणि सहा तास कायम केले.

तुम्ही म्हणाल, तिथे अंदाज तर करावाच लागला असता. हो. पण मी अंदाज केला नाही. मी आधी उत्तर धरले आणि मग गणित तिकडे वळवले. रिकामा गोळा भरला. आणि मला ते करताना काही खटकलेही नाही – हे सर्वांत वाईट.

तज्ज्ञांना विचारायचा प्रश्नही मीच लिहिला – या मृत्यूचे टाळता येण्याजोगे कारण कोणते? पर्याय चार होते. अ – उपचार मिळायला झालेला उशीर. ब – दाब एकदम काढणे. क – आतला रक्तस्राव. ड – उपलब्ध माहितीवरून सांगता येत नाही. कार्यालयात रंगीत तालीम केली, तेव्हा आमच्यातल्या निम्म्या लोकांनी ‘ड’ दाबले. पडद्यावरचे मतांचे खांब बुटके, सपाट दिसू लागले. परिषदेच्या सकाळी मी ‘ड’ काढून टाकले. खरे उत्तर तेच होते. हे मला तेव्हा माहीत होते का? होते.

आणि मामांना मी स्वतः बोलावले. गाडी पाठवली. शेवटी शाल-श्रीफळ देऊन सत्कार करायचा, सभागृह भारावून जाईल – असा तो हिशेब. ते इस्त्रीचा पांढरा सदरा घालून आले. दवाखान्यात नोकरीभर डॉक्टरांसमोर उभा राहिलेला माणूस. खुर्चीवर बसताना त्यांनी दोनदा मागे वळून पाहिले. कडेची खुर्ची, क्रमांक एकशे चौदा. प्रत्येक खुर्चीवर रिमोट असायचेच. त्यांच्याही होते. ते उचलून घ्यायला हवे, हे माझ्या ध्यानातच आले नाही.

वैशाली पुढच्या रांगेतून म्हणाली, ‘‘आज आम्हीच तुझ्या टेस्ट सिरीजला बसलोय, बाई. निगेटिव्ह मार्किंग नाही ना गं?’’ आजूबाजूचे हसले. मीही. मला काय आनंद झाला होता म्हणून सांगू!

पहिला पडदा. दिवे मंद. मग रुग्ण आला, तुळई आली, वेळ आली – सहा तास. एका ज्येष्ठ डॉक्टरांनी हात वर केला. ‘‘ही वेळ नोंदवलेली आहे, की अंदाज?’’ प्रश्न अगदी योग्य होता. अजून वेळ होती.

‘‘नोंदवलेली आहे, सर,’’ मी म्हणाले. ‘‘प्रत्यक्षदर्शीने.’’

नंतर प्रश्न आला. परिषदेचे कामकाज इंग्रजीत चालले होते. पण मामा बसले आहेत, तर जास्त परिणाम होईल म्हणून तो मी मराठीतही मोठ्याने वाचला. तिन्ही पर्यायांसकट. दाब एकदम काढणे – हे शब्द मी त्यांच्याकडे बघत म्हटले नाहीत, पण त्यांना ऐकू जातील इतके स्पष्ट म्हटले. खांब वर चढू लागले. ‘ब’चा चढतच गेला. दोनशे सहा मतांपैकी एकशे एकोणऐंशी. रेष सरळ झाली, आणि टाळ्या. त्या टाळ्या मृत्यूला नव्हत्या, यंत्राला होत्या – पण मागे बसलेल्या माणसाला हा फरक कसा कळावा?

लगेच सत्कार. ते मंचावर आले, शाल घेतली, हात जोडले. नारळ कुठे धरावा हे त्यांना समजेना.

जेवणाच्या वेळी मी डॉक्टरांच्या घोळक्यात उभी होते, तेव्हा ते वाट काढत आले. खांद्यावर शाल तशीच. त्यांनी सदऱ्याच्या खिशातून रिमोट काढले.

‘‘हे तुमचं मशीन माझ्याकडंच राहिलं व्हतं.’’ मग, कुणाला ऐकू जाऊ नये अशा बेताने – ‘‘म्हंजी, माझ्याच हातानं.’’

सांगायला एक वाक्य लागत होते. मामा, ते सहा तास मी घातले. बस. पण माझ्याभोवती पाच डॉक्टर होते, आणि त्यांतल्या एकाने नुकतेच पुण्याच्या परिषदेचे बोलणे काढले होते.

‘‘सहा तास झाले होते ना, मामा,’’ मी म्हणाले. ‘‘ते मी नाही काढलेले. कम्प्युटरने काढले.’’

त्यांनी मान हलवली. रागावले नाहीत, जणू बरेच दिवस हरवलेले काहीतरी शेवटी सापडले होते, आणि ते जिथे असेल असे वाटत होते तिथेच होते.

‘‘हाव. कम्प्युटर कशाला खोटं बोलंल,’’ ते म्हणाले. ‘‘जेवा तुमी.’’

ते स्वतः जेवले की नाही, मी पाहिले नाही.

दुसऱ्या दिवशी मी मतांची यादी उघडली. यंत्र प्रत्येक खुर्चीचे उत्तर आणि ते द्यायला लागलेला वेळ साठवते. बहुतेकांनी चार ते आठ सेकंदांत बटण दाबले होते. खुर्ची एकशे चौदा – पर्याय ‘ब’, एकोणतीस सेकंद.

एकोणतीस सेकंद. त्यांनी मतदान केले होते. मी शिकले-सवरलेली, मी विचारले, म्हणून त्यांनी उत्तर दिले. त्या एकशे एकोणऐंशींत एक मत त्यांचे होते.

यानंतर मी काय केले, तेही सांगायला हवे. काही केले नाही. पुण्याला सादर केले, आणखी दोन शहरांत केले. सहा तास तेच. माझा पगार वाढला. ज्येष्ठ डॉक्टर मला नावाने ओळखू लागले. मात्र सादर करताना मी कडेच्या खुर्च्यांकडे बघेनाशी झाले. आणि एक वाक्य – मी कधी ऐकूनच घेतले नव्हते, फक्त वहीत चुकीचे उतरवले होते – ते कानात राहिले. बारवाच्या सातव्या पायरीला ऊन.

पुढच्या वर्षी, भूकंपाच्याच तारखेला, मी जुन्या गावाच्या जागी गेले. सूर्याचा कोन त्याच तारखेला तोच असतो. एवढे शास्त्र मला आठवले, एका वर्षाने. अंधार असतानाच लातूरहून निघाले होते. जुने गाव म्हणजे आता दगडांचे ढीग आणि बाभळी. पण बारव कडेला तशीच आहे, घडीव दगडाची, कोरडी. पूर्वेला मोकळे शेत. शेळ्या घेऊन आलेल्या एका बाईला विचारले, पायऱ्या कुठून मोजायच्या? ती म्हणाली, ‘‘वरून. आनि कुठून मोजत्यात? तुमच्या गावाला बारव न्हाई काय, बाई?’’ आणि शेळ्यांमागे निघून गेली.

मी घड्याळ हातात धरून बसले. ऊन वरच्या पायरीला लागले. मग एकेक उतरू लागले – घाई न करता, न चुकता. याहून सोपे मोजमाप मी आयुष्यात केलेले नाही. त्यासाठी यंत्र नको होते, पदवी नको होती. फक्त एक सकाळ हवी होती. ती एक सकाळ त्या माणसाला द्यावी असे मला परिषदेआधी वाटले नाही.

सातव्या पायरीला ऊन आले तेव्हा मी वेळ लिहिली. लॅपटॉप बरोबर होता. तिथेच दगडावर ठेवून ती वेळ घातली, सरकपट्टी मागे नेली. तुळई उचलली गेली. हृदयाची रेष जरा अडखळली आणि चालत राहिली. मी ती बराच वेळ चालू दिली. म्हणजे ती त्यांच्या ओढण्याने गेली नाही, असे सिद्ध झाले का? नाही. पण त्यांच्या ओढण्याने गेली असेही नाही. आतून रक्त गेले असेल. कुणी सांगू शकत नाही. ‘ड’. मामांना मी ते ‘ड’ देऊ शकत होते.

आणि ते तिथेच होते. दरवर्षी त्या सकाळी लोक जुन्या जागेवर स्मृतिस्तंभाशी फुले वाहायला येतात – हे मला ठाऊक होते, नव्हते असे नाही. दोनशे पावलांवर, पांढरा सदरा, हातात मेणबत्ती, वाऱ्यापासून ज्योत वाचवायला दुसऱ्या हाताची ओंजळ. मी त्यांना ओळखले. त्यांनी मला पाहिले नव्हते.

मी लॅपटॉप मिटला, बारवेच्या मागच्या अंगाने बांधावर चढले आणि सडकेला येऊन मिळेल ती एस.टी. पकडली.

त्या आठवड्यात मी सादरीकरणातला आकडा दुरुस्त केला आणि चौथा पर्याय परत घातला. बदलांच्या यादीत लिहिले – ‘किरकोळ दुरुस्ती’. पुढच्या उन्हाळ्यात मामा गेले. वैशालीने फोनवर सांगितले, दुसऱ्याच कुठल्या बोलण्याच्या ओघात. शेवटी त्यांच्याच जुन्या वॉर्डात होते म्हणाली; काही बोलत नव्हते, गप्पच माणूस. मी अरे अरे म्हटले.

ती वही माझ्याजवळ आहे. ‘सकाळ’ जिथे लिहिले आहे, त्याच पानावर, खाली, त्या दिवशीच्या उन्हात लिहिलेली शेवटची नोंद आहे. सातवी पायरी – सात वाजून दहा मिनिटे. वजा तीन छप्पन्न. तीन तास, चौदा मिनिटे.